स्लीप ॲप्नियावर उपचार केल्याने अर्धशिशी थांबते का?

थोडक्यात उत्तर : ज्याला खरोखर स्लीप ॲप्निया आहे, त्याची सकाळची डोकेदुखी उपचाराने बऱ्याचदा कमी होते. अर्धशिशीचे झटकेही काही जणांमध्ये कमी होतात. पण स्लीप ॲप्नियाचे मशीन हे अर्धशिशीचे औषध नाही. ॲप्निया नसेल, तर ते लावून डोके थांबेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

स्लीप ॲप्निया म्हणजे काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. श्वास किमान 10 सेकंद थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणूस घुसमटल्यासारखा आवाज करून पुन्हा श्वास घेतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपणाऱ्याला.

असे अडथळे तासाला 5 ते 15 असतील तर आजार सौम्य, 15 ते 30 असतील तर मध्यम आणि 30 पेक्षा जास्त असतील तर तीव्र मानला जातो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून 2004 साली तो प्रसिद्ध केला. त्यात 19.5 टक्के पुरुषांमध्ये झोपेतल्या श्वासाचा दोष आढळला, तर दिवसा पेंग येण्यासह पूर्ण आजार 7.5 टक्क्यांमध्ये होता. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचा उल्लेख केला आणि हे नाव घरोघरी पोहोचले.

अर्धशिशी आणि ॲप्नियाची डोकेदुखी यांत फरक काय?

अर्धशिशी बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठणकते. उजेड आणि आवाज सहन होत नाही, मळमळते, चालल्या-फिरल्यावर दुखणे वाढते. उपचार न केल्यास झटका 4 ते 72 तास टिकतो.

ॲप्नियाची डोकेदुखी उठल्याबरोबर जाणवते. ती बहुधा दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी असते. मळमळ किंवा उजेडाचा त्रास सहसा नसतो आणि साधारण चार तासांच्या आत ती ओसरते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला वेगळे स्थान आहे. उपचाराने जी डोकेदुखी सर्वांत चांगली आटोक्यात येते, ती हीच. अनेक जण तिलाच ‘मायग्रेन’ म्हणत असतात, आणि मशीन लावल्यावर ‘मायग्रेन गेला’ असे सांगतात.

मग खऱ्या अर्धशिशीचे काय?

पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. 2011 साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात दोन्ही आजार असलेल्या रुग्णांना श्वासाचे मशीन दिल्यावर अर्धशिशीचे झटके कमी झाल्याचे दिसले. पण रुग्ण होते अवघे 11. त्याच वर्षी नॉर्वेतल्या सर्वसामान्य लोकांवरील मोठ्या पाहणीत अर्धशिशी आणि स्लीप ॲप्निया यांचा थेट संबंध आढळला नाही.

तरीही फायदा होण्यामागे तर्क आहे. अपुरी आणि तुटक झोप अर्धशिशीचा झटका आणते, हे रुग्णांना अनुभवाने माहीत असते. ॲप्नियात झोप रात्रभर तुकड्या-तुकड्यांत मोडते. ती सलग झाली, तर झटक्याचे एक कारण दूर होते. बाकीची कारणे, म्हणजे आनुवंशिकता, पाळी, उपाशी राहणे, कडक ऊन, तशीच राहतात. म्हणून झटके कमी होऊ शकतात, आजार नाहीसा होत नाही.

जुन्नर-आंबेगावात काय वेगळे लक्षात घ्यावे?

या दोन तालुक्यांत झोपमोडीची कारणे शेतीतही आहेत. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली, की बिबट्याची भीती मनात ठेवून बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावे लागते. टोमॅटो, कांदा, भाजीपाला घेऊन मुंबई-पुण्याकडे जाणारे चालक रात्रभर जागतात. अशा जागरणानेही डोके दुखते, पण तो ॲप्निया नव्हे. त्यावर उपाय मशीन नसून झोपेचे तास भरून काढणे हा आहे.

दुसरी गोष्ट थंडीची. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपले, तर कार्बन मोनॉक्साईड साचतो. सकाळी घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचे डोके दुखत असेल, गरगरत असेल, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखाना गाठावा. हा विषारी वायू जीव घेतो.

संशय कधी घ्यावा?

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहणे, पुरेसे झोपूनही दिवसा पेंग येणे, वाढलेला रक्तदाब, जाड मान (साधारण 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त) आणि वय पन्नाशीच्या पुढे. यातल्या तीन-चार गोष्टी जुळल्या तर तपासणी करावी. बारीक माणसालाही हा आजार होतो. स्त्रियांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा, झोप न लागणे आणि सकाळची डोकेदुखी या तक्रारी पुढे येतात, त्यामुळे आजार लक्षात यायला उशीर होतो.

सुरुवात जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाब आणि साखर तपासण्यापासून करता येते. निदान पक्के होते ते स्लीप स्टडीने. त्यात झोपेतला श्वास, प्राणवायू, नाडी रात्रभर नोंदली जाते. ही सोय पुण्यात मिळते. काही रुग्णांची तपासणी छोट्या यंत्राने घरच्या घरीही होते. जाताना महिनाभराची नोंदवही न्यावी : डोके कधी दुखले, किती वेळ, कोणती गोळी घेतली, आदली रात्र कशी गेली. शक्य असेल तर घोरण्याचा मोबाईलवर केलेला व्हिडिओही दाखवावा.

उपचार कोणते?

मुख्य उपचार म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क लावून हलक्या दाबाची हवा सोडली जाते आणि घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली ही पद्धत मांडली. मशीन रोज रात्री किमान चार तास तरी वापरले गेले पाहिजे. मास्क गळत असेल किंवा पट्टा फार आवळला, तर त्यानेच डोके दुखू शकते. तो मापाचा करून घ्यावा. मशीन विजेवर चालते, म्हणून वीज वारंवार जाणाऱ्या गावात बॅटरीची सोय आधी विचारावी. विकत घेण्यापूर्वी काही दिवस भाड्याने वापरून पाहणे शहाणपणाचे.

वजन कमी करणे, कुशीवर झोपणे आणि रात्रीची दारू बंद करणे यांनीही फरक पडतो. सौम्य आजारात दातांवर बसवायचे साधन काहींना उपयोगी पडते.

गोळ्यांबाबत सावधगिरी

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते. अशा वेळी मशीन लावूनही फरक दिसत नाही. झोपेच्या काही गोळ्या ॲप्निया वाढवू शकतात. अर्धशिशी टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी वजन वाढते, म्हणून ॲप्निया असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे. चालू औषध मनाने बंद करू नये.

थांबू नये असे कधी?

अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी, हात-पाय लुळे पडणे, बोबडी वळणे, तापासह मान ताठ होणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी असेल, तर झोपेचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालयात जावे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. आणि दिवसा पेंग येणाऱ्या चालकाने निदान होऊन झोप सुधारेपर्यंत पुणे-नाशिक महामार्गावर रात्री गाडी चालवू नये. डोकेदुखीपेक्षा मोठा धोका तिथे आहे.