कॉलेज लहान, म्हणून डॉक्टर कच्चा?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलीनं 'मला डॉक्टर व्हायचंय' म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: मग मोठ्या नावाचं विद्यापीठ गाठ. तिनं चर्चच्या एखाद्या लहानशा कॉलेजचं नाव काढलं, तर आईवडिलांची झोप उडते. तिथं विज्ञानावर बायबलचा पहारा असणार, आणि मेडिकल स्कूलवाले असल्या कॉलेजला विचारणार तरी कशाला? हा समज शिकल्यासवरल्या माणसांचा आहे, म्हणून त्याचं खंडन नीट करायला हवं.

आधी तिथली रीत बघू. 'प्री-मेड' ही पदवी नव्हे, ती तयारी. पदवी कोणत्याही विषयाची चालते. जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्राचे ठरावीक अभ्यासक्रम पुरे करायचे आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायची. 472 ते 528 या गुणपट्टीवरची ही परीक्षा सगळ्यांना एकच. कॉलेजच्या दारावरची पाटी उत्तरपत्रिकेत उतरत नाही.

मग मुलं गळतात कुठं? बरीचशी पहिल्या दोन वर्षांत, रसायनशास्त्रात. मोठ्या विद्यापीठांत या वर्गाला शेकड्यांनी मुलं बसतात. पहिल्या चाचणीत आपटलेल्या मुलीला प्राध्यापक चेहऱ्यानंही ओळखत नाहीत. अशा विषयांना तिकडे 'वीड-आउट' म्हणतात, म्हणजे खुरपणी. खुरप्याखाली जे आलं ते तणच होतं, असं त्यात धरून चाललेलं असतं. ते खोटं आहे, आणि त्याचा पुरावा न्यू ऑर्लिन्समध्ये आहे.

झेवियर युनिव्हर्सिटी ऑफ लुइझियाना. नावात युनिव्हर्सिटी असली तरी विद्यार्थी जेमतेम तीन-साडेतीन हजार. कॅथरीन ड्रेक्सेल या कॅथलिक ननच्या पुढाकारानं 1925 मध्ये इथं कॉलेज सुरू झालं, तेही गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंद असलेल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी. खजिना मोठा नाही. येणारी कितीतरी मुलं दुबळ्या शाळांतून आलेली. तरीही पुढे डॉक्टर झालेल्या कृष्णवर्णीय पदवीधरांच्या संख्येत ही संस्था वर्षानुवर्षं देशात पहिली राहिली. हार्वर्ड, येल मागे. रसायनाचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. कारमायकल 1970 च्या दशकात प्री-मेडचे सल्लागार झाले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह शिकवण्याची घडीच बदलली. विषयाच्या सगळ्या तुकड्यांना सारखा अभ्यास, गटानं उजळणी, वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना शिकवणं, मागे पडलेल्याला वेळेत गाठणं. शेजारी नापास झाला तर आपली जागा पक्की, ही भावनाच तिथं रुजू दिली नाही. पुढे अमेरिकेच्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टर झालेल्या रेजिना बेंजामिन 1979 मध्ये इथूनच रसायनशास्त्र घेऊन बाहेर पडल्या.

धर्माच्या आक्षेपात मात्र तथ्याचा अंश आहे, तो मी नाकारणार नाही. टेनेसीतल्या डेटन गावी, जिथं शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर 1925 चा स्कोप्स खटला चालला, तिथल्या ब्रायन कॉलेजनं 2014 मध्ये आदम आणि हव्वा थेट ईश्वरनिर्मित होते, आधीच्या जीवांपासून आलेले नव्हते, असं आपल्या श्रद्धापत्रकात घातलं, आणि काही प्राध्यापक सोडून गेले. जीवशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीनं अशा जागेचा दहा वेळा विचार करावा. पण एका कॉलेजावरून सगळ्यांना झोडपणं हा न्याय नव्हे. उत्क्रांतीच्या अभ्यासाला कॅथलिक चर्चची आडकाठी नाही, हे पोपनं 1950 मध्येच लिहून ठेवलं आहे.

आता लहान कॉलेजांच्या कैवाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. 'आमच्या अर्जदारांपैकी इतक्या टक्क्यांना मेडिकलला प्रवेश' ही जाहिरात पुरावा म्हणून आणू नका. कच्च्या विद्यार्थ्याला शिफारसपत्र नाकारलं की तो अर्जच करत नाही आणि टक्का आपोआप वाढतो. खुरपणीच ती, फक्त उशिरा केलेली.

म्हणून पालकांना कळकळीची विनंती आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारती बघण्यात वेळ घालवू नका. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती आले, त्यातल्या कितींनी अर्ज केला आणि प्रवेश कितींना मिळाला, हे तिन्ही आकडे मागा. आणि रसायनाच्या पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी कोण बोलावून घेतं, त्या माणसाचं नाव विचारा.