वेबपेजवरील स्क्रिप्ट आणि ब्राउझरचा टूलबार : अधिकारकक्षेचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इंटरनेटचा इतिहास बहुधा नव्या शोधांच्या अंगाने लिहिला जातो. कोणती सुविधा केव्हा आली याची नोंद होते. दिलेली सुविधा पुढे का काढून घ्यावी लागली, याची चर्चा त्यामानाने कमी होते. प्रस्तुत लेखात अशाच एका काढून घेतलेल्या अधिकाराचा विचार केला आहे.

ब्राउझरच्या खिडकीचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. मधल्या मोठ्या भागात वेबपेज दिसते. तेथील मजकूर संकेतस्थळाच्या मालकाचा असतो. टूलबार, मेनू, अ‍ॅड्रेस बार आणि तळाचा स्टेटस बार हा भाग मात्र ब्राउझरचा असतो. वेबपेजबरोबर आलेल्या स्क्रिप्टला या दुसऱ्या भागात हात घालू द्यावा काय, हा येथे मुख्य प्रश्न आहे. हा प्रश्न सोयीचा किंवा सजावटीचा नसून साक्षीचा आहे, असे प्रस्तुत अभ्यासकाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१. टूलबारवरील स्क्रिप्टच्या अधिकाराचा उगम व विस्तार पाहणे.
२. तो अधिकार संकुचित होण्यामागील कारणे तपासणे.
३. या घटनाक्रमातून निघणाऱ्या तत्त्वाची मांडणी करणे.

अधिकाराचा उगम :

४ डिसेंबर १९९५ रोजी नेटस्केप व सन मायक्रोसिस्टिम्स या कंपन्यांनी जावास्क्रिप्ट या भाषेची घोषणा केली. ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा त्याच वर्षी मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत तयार केला होता. या भाषेतील एका आज्ञेने वेबपेजला नवी खिडकी उघडता येई आणि त्या खिडकीत टूलबार, अ‍ॅड्रेस बार, मेनू व स्टेटस बार असावेत की नसावेत, हेही ठरविता येई. स्टेटस बारमध्ये हवा तो मजकूर लिहिण्याची मुभाही होती. अनेक संकेतस्थळांनी तेथे सरकती अक्षरे फिरविली. त्या काळी ती हौसेची बाब समजली गेली.

यामागील विचार समजण्याजोगा होता. वेबपेज हे केवळ वाचावयाचे पान न राहता संगणकावरील इतर प्रोग्रॅमप्रमाणे वागावे, अशी त्या वेळची आकांक्षा होती. प्रोग्रॅमला स्वतःची खिडकी असते, मग वेबपेजला का नसावी? १९९७ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने तर ब्राउझरचा कोणताही भाग न दाखविता संपूर्ण पडदा व्यापणारी खिडकी उघडण्याची सोय दिली.

परवान्याचा प्रयोग :

धोक्याची जाणीव लवकरच झाली. १९९६ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संकेतस्थळांच्या तोतयेगिरीवर एक अहवाल लिहिला. जावास्क्रिप्टच्या साहाय्याने खरा अ‍ॅड्रेस बार लपवून त्याजागी बनावट दाखविता येतो आणि स्टेटस बारमधील मजकूरही बदलता येतो, हे त्यांनी निदर्शनास आणले. वापरकर्त्याने जावास्क्रिप्ट बंद ठेवावी व अ‍ॅड्रेस बार नेहमी दिसेल असे पाहावे, हे त्यांनी सुचविलेल्या उपायांपैकी होते.

नेटस्केपने १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत मध्यम मार्ग काढला. चालू खिडकीतील टूलबार दाखविणे वा लपविणे स्क्रिप्टला शक्य झाले. परंतु त्यासाठी स्क्रिप्टवर डिजिटल स्वाक्षरी असणे आणि वापरकर्त्याने विशेष अधिकार मंजूर करणे आवश्यक ठरविले. १०० बाय १०० पिक्सेलपेक्षा लहान खिडकी उघडण्यासही असाच परवाना लागे. मात्र या व्यवस्थेत एक विसंगती होती. उघड्या खिडकीचा टूलबार लपविण्यास परवाना हवा, पण टूलबार नसलेली नवी खिडकी उघडण्यास नको! पुढच्या दारास कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशी ही स्थिती होती. जाहिरातींच्या पॉप-अप खिडक्या याच मागच्या दाराने आल्या.

अधिकाराचा संकोच :

२००० नंतर बँकांचे इंटरनेटवरील व्यवहार वाढू लागले आणि फिशिंगचे प्रमाण वाढले. बँकेसारखे दिसणारे पान उघडावयाचे, अ‍ॅड्रेस बार नाहीसा करावयाचा आणि पासवर्ड मिळवावयाचा, ही त्यातील एक रीत होती. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. त्या काळात काही अधिकृत संकेतस्थळेही आपले लॉगिनचे पान अ‍ॅड्रेस बार नसलेल्या खिडकीतच उघडीत असत. त्यामुळे पत्ता न दिसणे हे वापरकर्त्याला संशयास्पद वाटेनासे झाले. सवय सज्जनांनी लावली आणि लाभ लबाडांनी घेतला.

जुलै २००४ मध्ये मोझिलाच्या ब्राउझरबाबत आणखी एक उणीव उघड झाली. या ब्राउझरचा टूलबार ज्या झूल भाषेत रचला होता, तीच भाषा दूरच्या संकेतस्थळालाही वापरता येत होती. परिणामी खरा टूलबार लपवून हुबेहूब तसाच, चालणारा टूलबार उभा करता येई. संकेतस्थळांना असलेली ही मुभा मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत बंद झाली.

दरम्यान ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने स्क्रिप्टने उघडलेल्या खिडक्यांत स्टेटस बार सक्तीचा केला. ऑक्टोबर २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ७ ने आणि जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने अशा खिडक्यांत अ‍ॅड्रेस बार कायम दिसेल अशी व्यवस्था केली. सध्याच्या एचटीएमएल मानकात टूलबारची दृश्यता स्क्रिप्टला केवळ वाचता येते, बदलता येत नाही. स्टेटस बारमध्ये लिहिण्याची आज्ञा नावापुरती उरली आहे. तिने पडद्यावर काहीही घडत नाही.

मर्यादा व प्रतिवाद :

केवळ अधिकार काढून घेतल्याने प्रश्न सुटला, असे म्हणता येणार नाही. २००६ साली धमिजा, टायगर व हर्स्ट यांनी २२ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात २३ टक्के सहभागींनी अ‍ॅड्रेस बार वा स्टेटस बार यांकडे पाहिलेच नव्हते. शिवाय वेबपेजला आपल्या चौकटीच्या आत बनावट खिडकीचे चित्र आजही काढता येते.

दुसरीकडे, वेबपेजला प्रोग्रॅमसारखे दिसण्याची गरज खोटी नव्हती. एखादे संकेतस्थळ ‘अ‍ॅप’ म्हणून मोबाईलवर घेतले असता ते अ‍ॅड्रेस बारविना उघडू शकते. मात्र ते घेण्याचा निर्णय वापरकर्ता करतो. २०१४ पासून क्रोमच्या अँड्रॉइड आवृत्तीत वेबपेजला टूलबारचा रंग सुचविता येऊ लागला. पत्ता मात्र बदलता येत नाही. रंग ही सजावट आहे, पत्ता ही साक्ष आहे. हा भेद १९९५ साली केला गेला नव्हता.

निष्कर्ष :

मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस मोर्तबाची मुद्रा उमटविली जाई. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घालू नये, हा तिचा अर्थ होता. ती मुद्रा ज्याच्या त्याच्या हाती असती तर पत्राचा भरवसा राहिला नसता. टूलबारचे स्थान असेच आहे. आपण कोठे आहोत हे वापरकर्त्याला संकेतस्थळाच्या तोंडून नव्हे, तर त्रयस्थाकडून कळावे यासाठी तो आहे. ज्याच्याविषयी साक्ष द्यावयाची, त्याच्याच हाती साक्षीदार सोपविणे ही मूळ चूक होती आणि ती दुरुस्त होण्यास दशकाहून अधिक काळ लागला. म्हणून वेबपेजच्या स्क्रिप्टने टूलबारबाबत विनंती करावी, निर्णय वापरकर्त्याने घ्यावा आणि पत्त्याची जागा मात्र विनंतीच्याही पलीकडे ठेवावी, हेच या इतिहासाचे सार होय.