स्लीप अ‍ॅप्निया, रात्रीचा ऑक्सिजन आणि न लागणारी झोप

कोविडनंतर सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर राहून गेले. घरात कोणी जोरात घोरते, मध्येच श्वास अडकतो, ऑक्सिमीटर ८५ दाखवतो, की तेच मशीन पुन्हा सुरू होते. आकडा सुधारतो, आजार तसाच राहतो.

स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट मिटते आणि श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो. श्वास थांबणे किंवा उथळ होणे तासाला ३० वेळा किंवा अधिक घडले, तर आजार तीव्र समजतात. नाकातल्या नळीने दिलेला ऑक्सिजन मिटलेला घसा उघडत नाही. उलट श्वासाचे खंड लांबू शकतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. बिडी किंवा चुलीच्या धुराने सीओपीडी झालेल्यांना आणि फार स्थूल व्यक्तींना हा धोका जास्त. त्यांचे लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ टक्के असते. ९८ दिसावे म्हणून लिटर वाढवू नका. सकाळी डोके ठणकते, माणूस गुंगीत असतो किंवा असंबद्ध बोलतो, तर लगेच दवाखाना गाठा.

घसा उघडा ठेवतो तो सीपॅपच्या हवेचा दाब. सीओपीडीही असेल तर काहींना सोबत ऑक्सिजन लागतो. तेव्हा आधी सीपॅप सुरू करा, मग ऑक्सिजन. सकाळी आधी ऑक्सिजन बंद करा. हे सारे झोपेची तपासणी झाल्यावर ठरते. छातीरोगतज्ज्ञ सातारा, कराड, सांगली, मिरज येथे आहेत आणि ही तपासणी पुष्कळदा घरीही होते.

आता निद्रानाश. हे दोन आजार एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि मास्कमुळे झोप आणखी उडते. मग मेडिकलमधून गोळी आणली जाते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि दारू घसा अधिक सैल करतात. उपचार न केलेल्या अ‍ॅप्नियात त्या धोक्याच्या आहेत. मात्र जुनी गोळी एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करा. मास्क दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास लावून सवय करा. कुठून हवा सुटत असेल तर माप बदलून घ्या. दाट मिशीमुळेही हवा सुटते. झोप आली तरच अंथरुणावर जा. वीसेक मिनिटे तळमळत असाल तर उठून बसा, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठा.

वीज गेली तर? पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३०० वॅट खातो, घरचा इन्व्हर्टर लवकर दमतो. ह्युमिडिफायर बंद ठेवलेला सीपॅप त्या मानाने बराच वेळ चालतो. ज्यांना ऑक्सिजन खरोखरच लागतो त्यांनी भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा. आणि ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, बिडी काहीही पेटवू नये.