निशाणाचा निरोप
१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. संस्थानच्या भगव्याचा राजनिशाण म्हणून असलेला अधिकार संपला, तो कापड जीर्ण झालें म्हणून नव्हे. राज्यच उरलें नाहीं म्हणून. तिरंग्याचें उलट आहे. राष्ट्र कायम, थकतें तें कापड. याच नगरींत, पोलीस उद्यानांत, १ मे २०१७ रोजीं ३०३ फुटी स्तंभ उभा राहिला. एवढ्या उंचीवरचा वारा कोणत्याहि कापडाची गय करीत नाहीं. फाटका ध्वज फडकवूं नये, तो संपूर्णपणें, शक्यतों जाळून, खासगी रीतीनें नष्ट करावा, असें २००२ ची ध्वजसंहिता सांगते. त्यांतला ‘खासगी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. चढवावा त्वरेनें, उतरवावा सावकाश, हेंहि तिनेंच घालून दिलें आहे.