सकाळचा बाजारसंवाद (नभोवाणी)

सकाळी साधारण सहा ते नऊ या वेळेत नभोवाणीवर बाजारभाव, उद्योगधंदे, गुंतवणूक आणि घरखर्च यांविषयी जे बोलणे चालते, त्याला सकाळचा बाजारसंवाद म्हणता येईल. बातमीपत्रातल्या आर्थिक वृत्ताहून तो वेगळा असतो. बातमीपत्र आकडा सांगून पुढे जाते. संवादात निवेदक आणि जाणकार त्या आकड्यापाशी थांबतात, तो का बदलला आणि ऐकणाऱ्याच्या घरात त्याने काय फरक पडेल ते उलगडतात. श्रोता तेव्हा दाढी करत असतो, डबा भरत असतो, गोठ्यात असतो किंवा गाडी चालवत असतो. हात आणि डोळे कामात, कान तेवढे मोकळे. त्यामुळे वाक्ये छोटी, आकडे मोजके आणि महत्त्वाचा आकडा दोनदा, ही या प्रकाराची घडण ठरून गेली आहे.

सकाळच का, याचे उत्तर बाजाराच्या घड्याळात आहे. न्यूयॉर्कचा शेअरबाजार भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर, उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजता बंद होतो. टोकियोचा साडेपाचला उघडतो. 16 जून 2017 पासून भारतात पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी सहा वाजता बदलण्याची पद्धत आली. पुढे हे दर कित्येक महिने जागचे हलले नाहीत, तरी वेळ सहाचीच राहिली. वाशी आणि पुण्याच्या गुलटेकडी बाजारात भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीपासून लागतात आणि घाऊक व्यवहार पहाटे होतात. मुंबई शेअरबाजारातील नियमित व्यवहार सव्वानऊला सुरू होतात. म्हणजे सहा ते नऊच्या दरम्यान आदल्या दिवसाचे सगळे हाती आलेले असते आणि नव्या दिवसाचे निर्णय व्हायचे असतात. कांद्यासारख्या मालाचे मात्र तसे नाही. लासलगावसारख्या बाजार समितीत लिलाव दिवसा होतात, त्यामुळे सकाळी सांगितला जाणारा भाव कालचा असतो. शेतकऱ्याला तो आज माल न्यावा की चार दिवस थांबावे हे ठरवण्यापुरता कामाचा. आज हाती काय पडेल, हे त्यातून कळत नाही.

या प्रकाराची सुरुवात शेतमालाच्या भावांपासून झाली. अमेरिकेच्या कृषी खात्याने 15 डिसेंबर 1920 रोजी बाजारभावांचे बिनतारी प्रक्षेपण सुरू केले. ते मोर्सच्या कट्ट-कडकट्टात असे आणि ते लिहून घेणारा जाणकार गावात लागे. माणसाच्या आवाजात भाव ऐकू येऊ लागले ते त्यानंतर.

घरखर्चाची बाजू ब्रिटनमध्ये युद्धकाळात पुढे आली. 1940 साली बीबीसीने अन्न मंत्रालयाच्या साहाय्याने ‘द किचन फ्रंट’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. वेळ सकाळी सव्वाआठची, म्हणजे गृहिणी खरेदीला बाहेर पडण्याआधीची. शिधापत्रिकेवर काय मिळते आहे, बाजारात कोणती भाजी मुबलक आहे, कमी लोणी आणि कमी साखरेत काय रांधता येईल, हे त्यात सांगत. सरकारला जे लोकांपर्यंत पोहोचवायचे होते ते आदेशाच्या सुरात न सांगता स्वयंपाकघरातल्या बोलण्यात सांगायचे, ही युक्ती तिथे पक्की झाली आणि आजही नभोवाणीवरचे चांगले निवेदक तीच वापरतात. 28 ऑक्टोबर 1957 रोजी बीबीसीचा ‘टुडे’ सुरू झाला. आर्थिक घडामोडींचा नेमाचा भाग असणाऱ्या सकाळच्या कार्यक्रमांत तो आजही अग्रगण्य आहे. 1994 मध्ये निघालेल्या बीबीसी रेडिओ फाइव्ह लाइव्हवर ‘वेक अप टू मनी’ हा केवळ पैशाविषयीचा पहाटेचा कार्यक्रम आला.

भारतात मुंबई केंद्राचे उद्घाटन 23 जुलै 1927 रोजी झाले. नागपूर केंद्र 1948 मध्ये आणि पुणे केंद्र 1953 मध्ये सुरू झाले. मराठी बाजारसंवादाला खरी दिशा मिळाली ती पुणे केंद्रावर 1956 साली झालेल्या प्रयोगातून. युनेस्कोच्या सहकार्याने पाच जिल्ह्यांतील 150 गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे उभारली गेली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचे प्रसारण एकत्र बसून ऐकायचे, त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या आणि पुढच्या प्रसारणात उत्तरे ऐकायची, अशी रीत होती. हे कार्यक्रम संध्याकाळचे होते. तरी श्रोत्याचे म्हणणे प्रसारणात परत यायला हवे, हा संवादाचा पाया इथेच घातला गेला. प्रयोगाचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी केला आणि मंडळे असलेल्या गावांत शेती-आरोग्याविषयीची माहिती लक्षणीय वाढल्याचे दाखवून दिले. 1959 पासून ही योजना देशभर नेण्यात आली. 1966 पासून आकाशवाणी केंद्रांवर शेती व गृह विभाग स्थापन होऊ लागले. शेती आणि घर ही दोन्ही एकाच विभागाच्या नावात आली, हे समजूतदारपणाचे होते. शेतकऱ्याच्या घरात या दोन्हींचा पैसा एकाच ट्रंकेतून निघतो.

शहरी मध्यमवर्गाच्या राहणीमानावरचे बोलणे दुसऱ्या वाटेने आले. मुंबई केंद्राच्या ‘वनिता मंडळ’ आणि ‘कामगार सभा’ या कार्यक्रमांनी घरकाम, बचत आणि नोकरदारांचे प्रश्न नभोवाणीवर आणले. ‘पुन्हा प्रपंच’ या संवादमालिकेत प्रभाकर जोशी यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी घरातल्या रोजच्या विषयांवर बोलत. महागाईची कुरकुर, नव्या वस्तूंचा सोस, पाहुण्यांचा खर्च हे सगळे घरगुती मराठीत तिथे रुजले. तो बाजारविषयक कार्यक्रम नव्हता, पण आजच्या सकाळच्या गप्पांतील खेळीमेळीचा सूर त्याच घराण्यातला आहे.

बाजारभाव वाचण्याचे स्वतःचे व्याकरण आहे. बाजार समितीचे नाव, शेतमाल, आवक, मग किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. शेतमालाचा दर क्विंटलमागे. यातील सर्वसाधारण दर सर्वांत उपयोगी, कारण बहुतेक माल त्याच्या आसपास विकला जातो. कमाल दर बहुधा एखाद्या निवडक ढिगाला मिळालेला असतो, पण श्रोत्याच्या लक्षात तोच राहतो आणि विक्रीची पट्टी हातात पडल्यावर हिरमोड होतो. भावासोबत मालाची प्रत, वाण आणि ओलावा सांगितला नाही, तर आकडा अर्धवट राहतो. हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा जाता हातात काय राहते, हे तर वाचनात कधीच येत नाही. ही उणीव भरून काढणे हेच संवादाचे खरे काम. क्विंटलला 1,500 रुपये म्हणजे किलोला 15. शहरातली गृहिणी त्याच कांद्याला दुप्पट का मोजते, याचा हिशेब निवेदकाने जाणकाराकडून काढून घ्यायला हवा. भाव वाढल्याची बातमी विकणाऱ्याला आनंदाची आणि घेणाऱ्याला चिंतेची असते. ‘कांदा रडवतो’ असे म्हणून सुरू होणारा कार्यक्रम आपल्या निम्म्या श्रोत्यांना विसरलेला असतो.

शेअरबाजाराच्या आकड्यांचीही अशीच गत होते. 28 एप्रिल 1992 रोजी, रोखे घोटाळा उघड झाल्यानंतरच्या दिवसांत, सेन्सेक्स 570 अंकांनी कोसळला. ती घसरण तेरा टक्क्यांच्या जवळ जाणारी होती. निर्देशांक 80,000 वर असताना तेवढेच अंक गेले तर घसरण पाऊण टक्काही भरत नाही. नुसते अंक सांगणारा निवेदक श्रोत्याला उगाच घाबरवतो. टक्का सांगितला की चित्र जागेवर येते. व्याजदराचेही घरगुती भाषांतर करता येते. वीस वर्षांच्या मुदतीच्या 30 लाखांच्या गृहकर्जाचा दर साडेआठ टक्क्यांवरून सव्वाआठवर आला, तर महिन्याचा हप्ता सुमारे 470 रुपयांनी उतरतो. ‘रेपो दरात पाव टक्का कपात’ या बातमीचा अर्थ या एका वाक्यात घरी पोहोचतो. सोन्याबाबत मापाचा घोळ आहे. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, सराफाकडे बोलण्यातला तोळा आज दहा ग्रॅमचा. लगीनसराईत किंवा साडेतीन मुहूर्तांच्या आसपास सोन्याचा भाव सांगताना दर किती ग्रॅमचा आणि किती कॅरटचा, हे न सांगणे ही मोठीच चूक ठरते.

खासगी एफएम वाहिन्या मुंबईत 2002 मध्ये आल्या आणि सकाळचा कार्यक्रम हाच त्यांचा मुख्य कार्यक्रम झाला. वाहतूक, हवामान, नवी उपाहारगृहे, फोनमधील नव्या सोयी, सणाच्या खरेदीतील चाल हे विषय त्यांनी रोजच्या गप्पांत आणले. बाजाराच्या बाबतीत मात्र त्यांचे हात बांधलेले आहेत. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रक्षेपित करण्याची मुभा दिली आणि हवामान, वाहतूक, परीक्षा व प्रवेश, नोकरीच्या संधी, पाणी-वीज यांसारख्या सूचना बातमी मानल्या जाणार नाहीत, असे ठरवले. बाजारभावाचा त्या यादीत उल्लेख नाही. खासगी वाहिन्यांवर राहणीमानाच्या गप्पा भरपूर आणि अर्थकारण तुटपुंजे, यामागे श्रोत्यांची अनास्था नसून हे धोरण आहे. दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रांना जे मोकळे आहे ते नभोवाणीला नाकारणे समर्थनीय नाही.

गुंतवणुकीवरच्या बोलण्याला आणखी एक मर्यादा आहे आणि ती योग्य आहे. सेबी या बाजार नियामक संस्थेच्या 2013 च्या गुंतवणूक सल्लागार नियमांनुसार आणि 2014 च्या संशोधन विश्लेषक नियमांनुसार मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला किंवा शेअरची शिफारस देणाऱ्याला नोंदणी लागते. सर्वांसाठी होणाऱ्या प्रसारणात प्रत्येक श्रोत्याचे वय, कर्ज आणि घरची जबाबदारी कळणे शक्य नसते, त्यामुळे ‘हा शेअर घ्या’ असे सांगणे मुळातच चुकीचे. एसआयपी म्हणजे काय, मुदतठेव मोडली तर काय जाते, आरोग्यविम्यात प्रतीक्षाकाळ कशासाठी असतो, हे सांगणे मात्र नभोवाणीच्या आवाक्यातले आणि अत्यंत गरजेचे आहे. प्रायोजित मुलाखतीत ती प्रायोजित आहे हे सुरुवातीलाच सांगितले नाही, तर ऐकणाऱ्याला जाहिरात आणि सल्ला यांतला फरक कळत नाही. छापील पानावर निदान चौकट दिसते.

मोबाइलमुळे नुसत्या आकड्यांसाठी नभोवाणीची गरज उरली नाही. 2007 मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही बाजारभाव आणि हवामानाची लघुसंदेश सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. संदेश मराठीत येत. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन यांनी महाराष्ट्रातील 100 गावांत केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सेवेमुळे शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरासरी भावात लक्षणीय फरक आढळला नाही. भाव ठाऊक असला तरी गाडीभाडे, ज्याच्याकडून उचल घेतली तो अडत्या आणि साठवणुकीची सोय या गोष्टी त्याने बदलत नाहीत. नेमके त्यांच्याविषयीचे बोलणे आकड्यांच्या संदेशात मावत नाही, ते दोन माणसांच्या संभाषणातच होते.

असे संभाषण आज सामुदायिक नभोवाणीवर सर्वांत जवळून घडू शकते. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माण देशी फाउंडेशनने 2008 मध्ये सुरू केलेली माणदेशी तरंग वाहिनी 90.4 मेगाहर्ट्झवर ऐकू येते. महिलांची सहकारी बँक उभारणाऱ्या संस्थेचीच ही वाहिनी असल्याने बचत, कर्ज, शेळीपालन आणि आठवडी बाजार हे तिचे घरचेच विषय आहेत. 2006 च्या धोरणानुसार सामुदायिक केंद्रांची प्रक्षेपणशक्ती साधारणतः 100 वॉटपर्यंत असते आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार करावे लागतात.