इंग्रजांचा 'मराठा' म्हणजे आपणही!

परवा चहाच्या टपरीवर मराठ्यांच्या इतिहासाचा विषय निघाला. एक तरुण मित्र म्हणाला, "भाऊ, त्याचा आपल्याशी का संबंध? गोंदियात मराठे आहेत तरी किती?"

जात म्हणून पाहिलं तर त्याचं बरोबर. आपल्याकडे पोवार, कुणबी, लोधी, कोहळी, गोंड जास्त. पण इंग्रजांच्या जुन्या कागदांतला 'मराठा' एका जातीपुरता नव्हता. ते 'म्हराट्टा' लिहायचे. त्यातला 'ह' आपल्या 'मऱ्हाटा'तलाच.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज बंगालात शिरली. भीतीने कलकत्त्यात खंदक खोदायला घेतला. त्याचं नावच 'मराठा डिच'. फौज तिथवर गेलीच नाही. पुढे खंदक बुजवून रस्ता झाला.

आता ही 'म्हराट्टा' फौज कोणाची? पुण्याची नाही, आपल्या नागपूरची. राजा मराठा, मोहिमेचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर ब्राह्मण. पुढे भोसल्यांच्या कटक मोहिमेत पोवारही होते आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या, असं रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदलंय. १८१७ ला सीताबर्डीवर आप्पासाहेब भोसल्यांकडून तर अरब शिपाईही लढले. इंग्रजांच्या लेखी ही सगळी मराठ्यांचीच फौज!

१८८१ मध्ये टिळक-आगरकर मंडळींनी इंग्रजी साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'मराठा'. तेही जातीचं नव्हतंच. राष्ट्रगीतातला 'मराठा' म्हणजेसुद्धा प्रदेश.

मराठीत हा शब्द जातीसाठीही चालायचा. पण आज आरक्षणाच्या बातम्यांत रोज तोच अर्थ कानावर पडतो, म्हणून दुसरा विसरायला झालाय. आरक्षणाचा वाद वेगळा, त्यात मी इथे शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आजचा अर्थ जुन्या पुस्तकावर चिकटवला तर आपले आजे-पणजे इतिहासातून आपणच बाहेर काढतो. 'मराठा' वाचलं की आधी साल पाहा, मग लिहिणारा कोण ते पाहा.

तुमच्या घरी मालगुजारीचे जुने कागद असतील, कटकच्या स्वारीची एखादी गोष्ट आजीकडून ऐकली असेल, तर कमेंटमध्ये नक्की लिहा. कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी निदान फोटो तरी काढून ठेवा.