न दुखणारं पाऊल

मागच्या व्याख्यानात आपण देकार्तपाशी थांबलो होतो. त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात एक चित्र आहे. विस्तवाजवळ माणसाचा पाय आणि पायापासून मेंदूपर्यंत गेलेला धागा. दोरी ओढली की घंटा वाजते, तशी वेदना, असं त्याचं म्हणणं. आता प्रश्न असा, की दोरीच तुटली तर?

याचं उत्तर मिळालं तमिळनाडूतल्या वेल्लोरला. शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ साली तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, अशी तेव्हा सर्वत्र समजूत होती. माणूस सडतोय म्हटलं, की त्याला गावाबाहेर काढणं सोपं होतं. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं ते वेगळंच. रोग नसा बधिर करतो. तळव्याच्या बहुतेक जखमा त्या बधिरपणातून होतात. आपला पाय जरा दुखला, की आपण नकळत भार दुसरीकडे टाकतो. बधिर पाऊल मात्र त्याच जागेवर हजारो वेळा आपटत राहतं.

मग उपाय काय? तर चप्पल! दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे शाळेतलं गणित. भार कमी होत नसेल, तर तो साऱ्या तळव्यावर पसरवायचा. म्हणून आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली टणक तळ आणि खिळा एकही नाही. पाऊल वाकडं झालेलं असेल, तर त्याच पावलाच्या साच्यावर बेतलेलं अस्तर.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलला गेले. तिथे उंदरांच्या पंजांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की बेताचा दाबसुद्धा पुन्हापुन्हा पडला तर जखम करतो. हाच विचार पुढे मधुमेहींच्या पावलांसाठी कामी आला.

इथे समोर बसलेल्यांत मधुमेही असतीलच. त्यांना एवढंच सांगतो: पाय दुखत नाही, हा पाय ठीक असल्याचा पुरावा नव्हे. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. घंटा बंद पडली असेल, तर पहारा डोळ्यांनीच द्यायला हवा.